खोक्यातली सायकल

बेल्जियममधल्या आउडेनार्डच्या बेकरीत रविवारी सकाळी पावासाठी रांग लागली होती. गोडेलीव्हबाईंच्या पुढेच सायकलवाले मार्निक्स आणि त्यांचा भाचा लीव्हेन उभे होते. कान टवकारायची गरजच पडली नाही.

"मामा, मला लुबाडलं हो! खोक्यातून सायकल आली, पण पेडलंच नाहीत!"

"रेसिंग सायकल पेडलांशिवायच येते रे, बाळा. ज्याच्या त्याच्या बुटाप्रमाणे पेडलं वेगळी घ्यायची."

"मला कुणी सांगितलंच नाही."

"दुकानात सांगतात. गेल्या आठवड्यात माझ्याकडच्या झाडून सगळ्या सायकलींवर बसून गेलास. मी तुझं माप घेतलं, वर कॉफी पाजली."

"ऑनलाइन स्वस्त पडली ना, मामा."

"पडणारच. त्यांना कुठे कॉफी पाजावी लागते!"

"आता नऊला आमचा सायकल क्लब निघेल. मी तर रेसवाल्यांसारखे पायांवरचे केससुद्धा काढून बसलोय."

"दिसतंय. सोललेल्या कोंबडीसारखे पाय झालेत."

"तुमच्या दुकानात असतील ना पेडलं?"

"हवी तेवढी."

"मग चला ना पटकन!"

"आज रविवार. माझं दुकान बंद. इंटरनेट उघडं असेल बघ."