हिलालनं पंखा बदलला म्हणे!

हॅलो?… कोण?… मंदा? अगं, मोठ्यानं बोल. धुळ्याची लाइन म्हणजे विहिरीतून बोलल्यासारखी… हं, आता येतंय.

काय व्हयनं वं?… पुन्हा बंद पडलं? आज किती चाललं?… वीस मिनिटं! आणि कॉम्प्युटरच्या डब्याला हात लाववत नाही इतका तापलाय?… बघ! मी काय म्हणत होते?

छे छे, उन्हानं नाही. अगं ऐक ना… मे महिन्यात तापलं नाही ते मशीन श्रावणात तापतं? कोणीतरी हात मारलाय.

दुसरं कोण? हिलालनंच.

हो, हो… वीस वर्षं आपल्या प्रेसमध्ये अक्षरांचे खिळे जुळवले, आबांच्या हाताखाली घडला, बठ्ठं खरं. पण आता कॉम्प्युटर शिकून आलाय ना! रविवारी कानबाईच्या उत्सवाला मी आले, तेव्हा या डोळ्यांनी पाहिलं. देवी बसायच्या आधी मशीनचं झाकण उघडून बसला होता. आणि रुमालात काहीतरी गुंडाळून बाहेर नेलं.

धूळ?… देवीच्या जागी सांडायला नको म्हणून रुमालात? असं म्हणाला? मंदा, तू भोळी ती भोळीच राहिलीस. धूळ कोणी रुमालात बांधून नेतं का? चांगला पंखा काढला आणि डुप्लिकेट बसवला. लिहून ठेव.

म्हणून तर काल तुझ्या नवऱ्याला फोन केला. म्हटलं, भाईदास, भावा, डोळे उघड, हा चोर आहे, त्याला मशीनला हात लावू देऊ नको… काय?… कामावरून काढलं? आज सकाळीच?

…मग हिलाल काय म्हणाला?… ‘एकदा मागून बघू द्या’? घ्या! चोराच्या मनात चांदणं. आणि भाईदासनं बघू दिलं?… नाही ना? शहाणा झाला माझा भाऊ.

कुठे बसलाय?… ओट्यावर? अजून?… जेवणाचा डबा उघडलाच नाही?

…नाही खायचा तर नको खाऊ दे. मी काय करू?

बरं, ते राहू दे. थांब, यांना विचारते. अहो! अहो, ऐकलं का? मंदाचा फोन आहे, मशीन फार तापतंय… हं… हं… मंदा, हे म्हणतात, आधी बटण बंद कर. वायर काढ. काढली?… आता टेबल भिंतीपासून ओढ. अगं, जोर लाव!… हे म्हणतात, मागे जाळी असते. पंखा आतला गरम वारा तिथून बाहेर फेकतो. जाळी बघ.

काय अडकलंय?… कापड?

कोंबलंय? अस्सं! ऐकलंत का हो? पंख्याच्या तोंडात कापड कोंबलंय मेल्यानं! म्हणजे मशीन बिघडावं आणि तुम्ही त्याच्याच पाया पडावं. ओढ, ओढून काढ. जपून ठेव, पुरावा आहे. रुमाल असेल त्याचाच.

खण?

कसला खण?… मोरपिशी?

…काठ लाल आहेत?

…आहे, आहे. फोनवरच आहे मी.

कोपऱ्याला दुकानाची चिठ्ठी आहे?… जळगावची… राहू दे, वाचू नको.

पार्वताबाईचा? शेजारच्या? हो, म्हणजे… ती आली होती ना जागराला, असेल तिचा… नाही. नाही गं मंदा. तिचं नाव नको. आता आणखी कोणाचं नाव नको. माझा आहे तो. तुलाच द्यायला आणला होता.

अगं, त्या दिवशी तुम्ही देवीला जागा करायला टेबल पुढे ओढलं होतं ना? हिलाल म्हणाला, शेवटची चार पानं राहिलीत, तेवढी संपवून उठतो. आणि इकडे देवीचा दिवा विझला. लावला, पुन्हा विझला. सगळी भावकी बसलेली! मागून, टेबलाकडून, कुठून तरी वारा येत होता. मला काय माहीत तो मशीनचा पंखा? फट दिसली. हातात खण होता. दिला कोंबून.

कोणाला सांगितलं नाही. अपशकुन म्हणतील, याची भीती. सकाळी विसर्जनाची घाई, आणि मी विसरले. नंतर भाईदासनं टेबल परत भिंतीला लावलं असणार.

हसू नको गं… मला रडू येतंय. तो म्हणत होता ना, मागून बघू द्या. एवढंच मागत होता बिचारा. मी बघू दिलं नाही.

नाही, तू नको सांगू. भाईदासनंही नको. त्याला चोर मी म्हटलं, मीच बोलते. त्याला आत बोलाव… नसेल येत तर फोन दारापर्यंत ने, वायर पुरते… मीटर पळू दे, मंदा!

…

हॅलो?… हिलालभाऊ? मी सुगंधा, जळगावहून… अक्का नका म्हणू हो आज. तो खण माझा होता. मीच कोंबला, दिवा विझत होता म्हणून. आणि नाव तुमचं घेतलं. फार मोठी चूक झाली माझी… नाही, ‘जाऊ द्या’ नका म्हणू. रागवा माझ्यावर. रविवारी मी धुळ्याला येते आणि भावकीसमोर हेच सांगते. आधी डबा उघडा, दोन घास खा…

काय म्हणालात?

…त्यानंतर दिवा? हो, राहिला. एकदाही विझला नाही. सकाळी देवी उठेपर्यंत तेवत होता.

…हो, भाऊ. ठेवते.