उभ्या गाडीचा आवाज

नामा : आता ऐका काकी. गाडी उभी हाय, इंजिन चालू हाय. टक, टक, टक. आता मी रेस देतो. कुठं गेला आवाज?

कमळ : थांबला.

नामा : थांबला न्हाय, बुडाला. इंजिनाच्या गोंगाटात ऐकू येत न्हाय. रेस सोडली की परत टक, टक.

दिनानाथ : बेअरिंग आहे. किती वेळा सांगू. छत्तीस वर्षं ही पद्मिनी चालवली मी.

कमळ : तुम्ही खुर्चीत बसा बघू. काठी टेकून उभे राहू नका, तोल जाईल. नामाला त्याचं काम करू द्या. नामा, मला एवढंच सांग, परवा तळ्याला, माझ्या माहेरी, आईचं वर्षश्राद्ध आहे. गाडी तिथवर जाईल का? ह्यांना एसटीची पायरी चढता येत नाही, घरी एकटं ठेवता येत नाही. लकवा झाल्यापासून तीन वर्षं झाली, उरणच्या बाजारापलीकडे मी एकदाच गेलेय.

नामा : सांगतो. या खेपेला काकांसमोर एकेक तपासून दाखवतो. हा लांब स्क्रूड्रायव्हर बघा, टोक इंजिनाला आणि मूठ कानाला. टॅपेटवर धरला, काय न्हाय. मघाशी पंख्याचा पट्टा काढून चालू केली, तरी आवाज होताच. म्हणजे पाण्याचा पंप न्हाय, डायनामो न्हाय. मग प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या. बेअरिंग गेलं असतं तर कुठल्या तरी वायरीला आवाज मऊ पडला असता. न्हाय पडला.

दिनानाथ : जुनं इंजिन आहे. तुला काय कळतंय?

नामा : काकी, हात हितं आणा. लांबूनच हां, भाजेल. काय लागतं?

कमळ : फुंकर. गरम. टक झालं की येते.

नामा : हाच तुमचा रोग. सायलेन्सरचा पाइप इंजिनाला जिथं बसतो, तिथला नट ढिला. धूर फटीतून निसटतो, म्हणून टकटक. पाना लावला की झालं.

कमळ : आणि नाही लावला तर? वाटेत इंजिन जाम होईल?

नामा : ह्यानं? ह्या आवाजावर गोव्याला जाऊन या. कानाला त्रास, बाकी काय न्हाय.

कमळ : इंजिन बंद कर नामा.

(नामा इंजिन बंद करतो. रस्त्यावरून दोन कंटेनर जातात.)

कमळ : गेल्या वैशाखात पहाटे माझ्या बहिणीचा, कोकिळाचा फोन आला. आई सारखं विचारतेय, कमळ निघाली का. मी ह्यांना कपडे घातले, गाडी चालू केली, तर हाच आवाज. तुला फोन लावला, तू पेणला लग्नाला गेलेला, फोन बंद. मग ह्यांना विचारलं. हे म्हणाले, बेअरिंग गेलंय, कोलाड यायच्या आत इंजिन जाम होईल, मला अशा अवस्थेत हायवेवर बसवणार आहेस का. मला ते पटलं. ह्यांनीच मला मिठागराच्या बांधावर गाडी शिकवलेली, गाडीतलं ह्यांचं मी कधी खोटं मानलं नाही. भाड्याची गाडी शोधत बसले. लग्नसराई, एक वाजला मिळायला. पोचले तेव्हा आईला नेलं होतं, बायका अंगण सारवत होत्या. हे तर गाडीतून उतरलेच नाहीत.

नामा : मला ठाऊक न्हवतं काकी. मी दोन दिवसांनी आलो तवा नट ढिला मिळाला, आवळला आणि गेलो. म्हटलं, हादऱ्यानं सुटला असेल.

कमळ : मग गणपतीत सुटला. दिवाळीत सुटला.

नामा : व्हय.

कमळ : गाडी तर कुठं गेलीच नाही. हादरा बसला कुठून?

नामा : मी निघतो काकी. नट आवळून ठेवतो.

कमळ : नामा, तू माझ्याकडे बघत नाहीस. का?

नामा : दिवाळीला मी त्यावर दुसरा नट चढवलाय, आणि दोन्हीवर लाल रंगाची एक रेघ ओढलीय. आपोआप सुटू नये म्हणून, आणि सुटलाच तर कळावं म्हणून. आता वरचा नट गायबच हाय. खालच्याची रेघ अर्धा फेरा फिरलीय. त्यावर पान्याचे ओरखडे हायत. ताजे.

दिनानाथ : उगाच काहीतरी बोलू नको.

कमळ : चादर बदलताना तुमच्या गादीखाली पाना मिळाला होता मला. वाटलं, जुनी सवय, जवळ असला की बरं वाटत असेल. परत तिथंच ठेवला. मी मासळी आणायला जाते, तेव्हा करत होता?

दिनानाथ : उजवा हात चालतो माझा.

कमळ : त्या पहाटेपण?

दिनानाथ : त्या पहाटे नाही. आठ दिवस आधी. कोकिळाच्या मुलाचा साखरपुडा तोंडावर आला होता म्हणून. आई जाणार हे मला काय ठाऊक?

कमळ : पण आवाज कसला आहे हे ठाऊक होतं. पहाटे मी दारात उभी राहून विचारत होते, जाऊ का. नुसतं जा म्हणायचं होतं.

दिनानाथ : तळ्याला मी पहिल्यांदा ही गाडी नेली तेव्हा आळीतली सगळी पोरं मागनं धावत आली होती. तुझी आई ओवाळायला बाहेर आली. जावई स्वतः चालवत आला म्हणून. आता तुझे भाऊ मला पोत्यासारखा उचलून उतरवतील. सगळ्यांसमोर. लाळ पुसायला कुणीतरी फडकं घेऊन मागं. मला नाही जमलं ते, कमळ.

कमळ : एवढ्यासाठी.

दिनानाथ : तुला एवढंच वाटतं ते.

नामा : काकी, आवळला नट. वरचा नवीन टाकलाय. पैसे नकोत मला. येतो मी.

कमळ : थांब, तेल-पाणी बघून जा. परवा पहाटे पाचला निघायचंय.

दिनानाथ : आणि मी?

कमळ : तुम्हाला ठेवू कुणाकडे? मागच्या सीटवर बसाल. माझे भाऊ उचलतील.

दिनानाथ : लोक बघतील.

कमळ : बघतील.

नामा : तेल ठीक हाय. पाणी भरलं. जातो काकी. काका, येतो.

दिनानाथ : कमळ. नामा गेला. आता तरी बोल. शिव्या दे, काहीही म्हण.

कमळ : चार वाजले. गोळीची वेळ झाली. तोंड उघडा.