दुसरा डबा, खिडकीशी

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर यायची वाट बघणाऱ्या शिंपीणबाईंचे कान शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे लागले होते.

“कधीच बंद झालेली ती आगगाडी छोटी करून घरात टेबलावर चालवता, चालवा बापडे. पण दर फेरीला तुमच्या स्टेशनात सात मिनिटं कशाला थांबवता?”

“इंजिनात पाणी भरायला.”

“अहो, खेळण्यातलं इंजिन ते, विजेवर चालतं!”

“स्टेशनमास्तर होतो मी. वेळापत्रक मोडू?”

“फलाटावर नळ बसवलात, बाक ठेवलंत, कुत्रंसुद्धा उभं केलंत. मी मेली कुठेच नाही.”

“तेव्हा तू फलाटावर कुठे उतरायचीस? रोज दुसऱ्या डब्यात, खिडकीशी. तशीच बसवलीय तुला. गाडी थांबली की वाकून बघायचं.”

“मला तर मी नाही दिसले कधी.”

“हल्ली मलाही दिसत नाहीस. म्हणून तर डोळे दाखवायला आलो.”