तांबटापायी गेलेली बाज

हसू नका, पण पाखरापायी महिनाभर भुईवर झोपलोय मी. शिरड शहापूरला होतो तवाची, नव्वदीतली गोष्ट. शेवग्याची वाळकी फांदी सरपणाला तोडली, तर तिच्या ढोलीत तांबटाची पिलं! बायको, शेवंता, लई भडकली. माझ्या बाजेची दोरी सोडली अन् फांदी होती तिथंच मला परत बांधायला लावली. घटकाभरानं तांबट चोचीत उंबर घेऊन आला, तवा कुठं तिनं डोळे पुसले.

पाखरं बघत हिंडणारा माझा दोस्त म्हणाला, "वहिनी, एवढी तकलीफ काहून? तांबट दुर्मीळ न्हाई. जगात लई हायेत, त्यांची चिंता न्हाई, असं जाणकार सांगतात."

"जगात असतील, भाऊजी. या जोडीला एवढीच लेकरं हायेत."

मी म्हणलं, "अन् माझी बाज?"

"बाजा बी जगात लई हायेत."