मधोमध कापलेला पाय चार्ट

समानता वगैरे म्हणतात ना, ती आमच्या नवघरमध्ये कधीच आलीय, हे मी कॉलेजात सिद्ध केलं होतं! टी.वाय.च्या प्रोजेक्टचा विषय होता, घरकामात नवऱ्याचा वाटा किती. मी आमच्या बिल्डिंगमध्ये दारोदार फिरले. प्रत्येक घरी काका सोफ्यावर बसून उत्तर द्यायचे. शेजारचे अंकल तर म्हणाले, "लिखो बेटा, फिफ्टी-फिफ्टी." आमच्या पप्पांनीही तेच लिहायला लावलं.

पाय चार्ट काय सुंदर आला! बरोब्बर मधोमध कापलेला, नवऱ्यांचा निळा, बायकांचा गुलाबी.

व्हायवाला मॅडमनी तो हातात घेऊन बघितला. मग म्हणाल्या, "उत्तरं कोणी दिली?"

"काकांनी."

"आणि काकू कुठे होत्या?"

"किचनमध्ये. माझ्यासाठी चहा करत होत्या."

"प्रत्येक घरी?"

"हो मॅडम, चहाशिवाय कोणी सोडतच नव्हतं."

मॅडमनी चार्ट माझ्याकडे सरकवला. "मग चहा कोणी केला, त्याचा पाय चार्ट काढून आण. तरच पास करते."

काढला. त्याला कापायची वेळच आली नाही, अख्खा गोल गुलाबी.

घरी येऊन पप्पांना दाखवला, तर ते पोट धरून हसले. "काय एकेक नमुने भरलेत आपल्या बिल्डिंगमध्ये!" म्हणाले, आणि किचनकडे तोंड करून ओरडले, "अगं, ऐकलंस का? ये, बघ तरी! आणि येताना चहा आण."