थेंब

रावपुऱ्यातल्या एक्स-रे क्लिनिकच्या बाकावर कांचन आपल्या नंबराची वाट पाहत बसली होती. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं कान न देताही ऐकू येत होतं.

"एवढ्यात फिल्म आली? आणि ओलीही नाही?"

"अगं, मशीन आहे हे. इकडून घातली की तिकडून कोरडी बाहेर. आम्ही अंधारात एकेक औषधात बुडवायचो, धुवायचो, मग वाळत टांगायचो."

"आणि तीस वर्षं तुमच्या शर्टांना तो आंबट वास."

आतून गुजराती टेक्निशियन मुलगी आली. "काका, फरी एक फोटो लेवो पडशे. छातीमां डाघ देखाय छे. केमिकलनो हशे, चिंता ना करशो."

ती आत गेली.

"ऐकलंत? छातीवर दिसतोय तो औषधाचा डाग आहे, म्हणून परत फोटो काढायचाय. तुमच्याकडेही पडायचे ना?"

"पडायचे. हाताने धुताना थेंब उडायचा."

"मग तसाच असेल."

"मशीन सगळीकडून बंदिस्त असतं गं. त्यात कुठला थेंब उडतोय."

"मग ती असं का म्हणाली?"

"मीही पेशंटना असंच म्हणायचो. डॉक्टर सांगेपर्यंत माणसाने बाकावर बसायचं कसं?"

कांचनने उगाच हातातलं टोकन उलटं करून पाहिलं.

"तिला सांगू का, तुम्हीही डार्करूमवालेच म्हणून?"

"नको. चांगली मुलगी आहे. मला पटलं, असं वाटू दे तिला. हा चष्मा धर."