नानीचा हंडा

काठीचा विषय निघालाय तर आमच्या चुलतीचं, नानीचं ऐका. बहात्तरचा दुष्काळ, विहिरी कोरड्या, पाणी कोसभरावरनं आणायचं. नानीची सत्तरी उलटलेली, म्हणून सुनेनं तिचं पाणी आणणं बंद केलं. त्यानंतर नानी अंगणात दोनदा पडली. मी शेवगावच्या बाजारातून काठी आणून दिली, तर तिसऱ्या दिवशी ती काठीतच पाय अडकून पडली.

पुढच्याच सकाळी बघतो तर नानी माझ्या दारात. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, दोन्ही हात मोकळे, चाल एकदम सरळ.

"नानी, हे काय नवीन?"

"हंडा व्हता तवर मी कदी पडले का? डोकं मोकळं झालं अन् पाय कुठंबी पडाय लागले."

"मग रिकामा तरी घ्यायचा."

"रिकामा हंडा घिऊन कुनाच्या म्होरं जाऊ? अपशकुन व्हतो. तांब्याभर पानी हाय आत."

"आणि पडलीस तर?"

नानीनं मला वेड्यात काढल्यासारखं बघितलं. "या साली पानी सांडायची टाप हाय का कुनाची?"